‘पिक आउट’पासून ‘ऑप्ट आउट’पर्यंत : निवडीची इंग्रजी क्रियापदे

इंग्रजीत निवड करण्यासाठी ‘चूज’ हे जुने, सर्वपरिचित आणि बहुतेक प्रसंगी चालणारे क्रियापद असले, तरी ज्यांची ती मातृभाषा आहे ती माणसे घरात, बाजारात किंवा कचेरीत बोलताना त्या एका शब्दावर क्वचितच थांबतात. दुकानातल्या ढिगातून शर्ट शोधायचा असेल तर ती ‘पिक आउट’ म्हणतात, अनेक नावांतून बाळाचे नाव पक्के झाले तर ‘सेटल ऑन’ म्हणतात, मनाजोगते न मिळाल्यामुळे दुसरे काही पत्करावे लागले तर ‘सेटल फॉर’ म्हणतात आणि एखाद्या योजनेतून स्वतःच बाहेर पडायचे असेल तर ‘ऑप्ट आउट’ म्हणतात. या सर्व रचनांत एक साधे क्रियापद असते आणि त्याच्यामागे ‘आउट’, ‘ऑन’, ‘फॉर’, ‘डाउन’, ‘ओव्हर’ यांसारखा, रूप न बदलणारा एखादा लहान शब्द असतो. इंग्रजी व्याकरणात अशा लहान शब्दाला ‘पार्टिकल’ म्हणतात, मराठी व्याकरणाच्या परिभाषेत तो अव्ययांत मोडतो, आणि क्रियापद व अव्यय यांच्या जोडीतून जेव्हा दोघांच्या बेरजेपेक्षा वेगळा अर्थ निघतो, तेव्हा त्या जोडीला ‘फ्रेजल व्हर्ब’ असे नाव दिले जाते. पुढील विवेचनात त्यासाठी ‘जोडक्रियापद’ हा शब्द वापरला आहे.

ही जोडक्रियापदे परक्यांना अवघड जातात, ही तक्रार फार जुनी आहे. सॅम्युएल जॉन्सन यांनी १७५५ साली आपला इंग्रजी कोश प्रसिद्ध केला, तेव्हा त्याच्या प्रस्तावनेत त्यांनी या रचनांचा मुद्दाम उल्लेख केला, त्यांतून परकीय वाचकांना होणाऱ्या त्रासाची दखल घेतली आणि म्हणूनच त्या विशेष काळजीने नोंदवल्याचे सांगितले. ‘फ्रेजल व्हर्ब’ हे नाव मात्र बरेच नंतर रूढ झाले. लोगन पिअरसल स्मिथ यांनी १९२५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘वर्ड्स अँड इडियम्स’ या पुस्तकात ते वापरले आणि ते ऑक्सफर्डच्या बृहत्कोशाचे संपादक हेन्री ब्रॅडली यांनी सुचवले असल्याची नोंदही केली. रचना शतकानुशतके चालत आलेली आणि तिचे नाव जेमतेम शंभर वर्षांपूर्वीचे, असा हा प्रकार आहे.

मराठी वाचकाला ही रचना पूर्णपणे परकी वाटण्याचे मात्र कारण नाही. संस्कृतातील ‘हृ’ या एकाच धातूला निरनिराळे उपसर्ग लागले की आहार, विहार, प्रहार, संहार आणि परिहार असे परस्परांपासून दूर गेलेले शब्द तयार होतात, हे शाळेत संस्कृत शिकलेल्या कोणालाही आठवेल. उपसर्ग धातूला चिकटूनच येतो असे आज वाटते. परंतु पाणिनीने उपसर्गाची जागा धातूच्या आधी असल्याचे सांगून लगेच पुढच्या सूत्रांत वेदांच्या भाषेत तो धातूच्या नंतरही येऊ शकतो आणि दोघांमध्ये इतर शब्दही पडू शकतात, अशी नोंद केली आहे. म्हणजे वैदिक संस्कृतात उपसर्ग काही प्रमाणात मोकळा होता, आणि आजच्या इंग्रजीतील ‘आउट’ किंवा ‘डाउन’ तसाच मोकळा आहे. लॅटिन भाषेनेही हेच काम उपसर्गांकडून करून घेतले. वेचणे, गोळा करणे या अर्थाच्या ‘लेगेरे’ या धातूला ‘बाहेर’ या अर्थाचा उपसर्ग लागून ‘इलेक्ट’ची परंपरा निघाली आणि ‘वेगळे’ या अर्थाचा उपसर्ग लागून ‘सिलेक्ट’ची. तोच लॅटिन धातू पुढे ‘वाचणे’ या अर्थानेही वापरला जाऊ लागला, आणि मराठीत ‘वेचणे’ व ‘वाचणे’ कानाला इतके जवळचे लागतात, हा केवळ योगायोग असला तरी लक्षात राहण्याजोगा आहे. तात्पर्य, ‘सिलेक्ट’ म्हणणारा इंग्रज आणि ‘पिक आउट’ म्हणणारा इंग्रज मुळात एकाच पद्धतीने बोलत असतो. पहिल्या शब्दातील उपसर्ग लॅटिनमध्ये गोठून गेलेला आहे, दुसऱ्यातील अव्यय अजून जिवंत आणि हलते आहे.

याहून जवळचे उदाहरण खुद्द मराठीतच आहे. ‘निवडणे’ या क्रियापदाचे ‘निवडून’ हे रूप घेऊन त्यापुढे दुसरे क्रियापद ठेवले की अर्थाची दिशा ठरते : ढिगातून चांगली फळे आपण निवडून घेतो, खराब फळे निवडून काढतो किंवा निवडून टाकतो, मतदार आपला प्रतिनिधी निवडून देतात आणि तो उमेदवार निवडून येतो. या वाक्यांत निवडण्याची क्रिया एकच आहे, पण निवडलेली वस्तू कोणाकडे जाते, ती ठेवायची की फेकायची, आणि निवड करणारा बोलतो आहे की निवडला गेलेला, हे सर्व घेणे, काढणे, टाकणे, देणे आणि येणे या लहान क्रियापदांनी सांगितले जाते. मराठी व्याकरणात ज्यांना संयुक्त क्रियापदे म्हणतात त्यांचे हे काम आहे, आणि इंग्रजी हेच काम अव्ययांकडून करून घेते. ‘निवडून देणे’ यासाठी इंग्रजीत ‘व्होट इन’ म्हणतात, ‘निवडून येणे’ यासाठी बोलीत ‘गेट इन’ चालते आणि सत्तेवरच्या पक्षाला मतदारांनी खाली खेचले की ते ‘व्होट आउट’ होते. ज्या विद्यार्थ्याला ‘निवडून दिले’ आणि ‘निवडून टाकले’ यांतील भेद कोणी न शिकवता कळतो, त्याला इंग्रजी जोडक्रियापदांच्या लांबलचक याद्या अर्थासह पाठ करायला लावणे, हा त्याच्या जवळच्या ज्ञानाचा अपव्यय आहे.

यांतील सर्वांत बोधक अव्यय ‘आउट’ हे आहे. त्याचा मूळ अर्थ ‘बाहेर’ एवढाच. पण निवडीच्या क्रियापदांत बाहेर कोण जातो, हा प्रश्न प्रत्येक वेळी विचारावा लागतो. ‘पिक आउट’मध्ये हवी असलेली वस्तू ढिगातून बाहेर येते आणि हाती राहते. ‘वीड आउट’ आणि ‘रूल आउट’मध्ये नको असलेली गोष्ट बाहेर जाते आणि आत जे उरते ते महत्त्वाचे असते. ‘ऑप्ट आउट’मध्ये वस्तू जागची हलत नाही, निवड करणारा माणूसच बाहेर पडतो. एकाच ‘आउट’मुळे पहिल्या ठिकाणी स्वीकार होतो, दुसऱ्या ठिकाणी नकार होतो आणि तिसऱ्या ठिकाणी निर्गमन होते. अव्ययांच्या अर्थांत अशी व्यवस्था असते, हे भाषाशास्त्रज्ञांनीही दाखवले आहे. सुझन लिंडनर यांनी १९८१ साली कॅलिफोर्निया विद्यापीठात सादर केलेला प्रबंध तर ‘आउट’ आणि ‘अप’ या दोनच अव्ययांच्या अर्थविचाराला वाहिलेला होता. लहान शब्द क्रियापदाला सवयीने चिकटतात आणि त्यांना स्वतःचा अर्थ नसतो, ही समजूत अशा अभ्यासांपुढे टिकत नाही.

‘पिक’ या क्रियापदाचा जुना अर्थ टोकदार वस्तूने टोचणे, चोचीने टिपणे असा आहे, आणि त्यातून पुढे वेचणे व मग निवडणे हे अर्थ आले. मराठीत पाखरू दाणे टिपते आणि नेमबाज सावज टिपतो. इंग्रजीतही एकेक सावज हेरून टिपण्याला ‘पिक ऑफ’ म्हणतात, त्यामुळे दोन्ही भाषांची कल्पना येथे एकाच वाटेने गेलेली दिसते. ‘पिक ओव्हर’ हे तर प्रत्येक मराठी स्वयंपाकघरातले काम आहे : डाळ-तांदूळ ताटात पसरून खडे आणि किडके दाणे बाजूला करणे, ज्याला आपल्याकडे नुसते ‘निवडणे’ म्हणतात, त्यासाठीच इंग्रजी पाककृतींत हे जोडक्रियापद वापरले जाते, आणि ‘ओव्हर’ हा शब्द तेथे वरवरपणा दाखवत नसून हात सगळ्या दाण्यांवरून फिरला असल्याचे सांगतो. ‘पिक ऑन’ मात्र सावधपणे घ्यावे लागते. त्याचा रूढ अर्थ एखाद्यालाच धारेवर धरणे, उगाच त्याच्या मागे लागणे असा आहे, त्यामुळे शिक्षकाने उत्तरासाठी एका मुलाची निवड केली असे सांगताना कोणी हे जोडक्रियापद वापरले, तर ऐकणाऱ्याला बहुधा तक्रारच ऐकू येते. ‘सिंगल आउट’ हे ‘पिक आउट’ आणि ‘पिक ऑन’ यांच्या मध्ये उभे आहे. त्याने समूहातून एकालाच वेगळे काढले जाते, पण ते कौतुकासाठी की दोष देण्यासाठी, हे वाक्याच्या उरलेल्या भागावरून ठरते.

शेती आणि स्वयंपाक यांतून इंग्रजीने निवडीची बरीच शब्दसंपत्ती घेतली आहे. ‘वीड’ म्हणजे तण, म्हणून ‘वीड आउट’ ही मुळात निंदणी आहे. ‘विनो’ म्हणजे पाखडणे आणि ‘सिफ्ट’ म्हणजे चाळणे, त्यामुळे ‘विनो आउट’ आणि ‘सिफ्ट थ्रू’ यांच्या पाठीमागे सूप आणि चाळणी आहेत. अर्जांच्या गठ्ठ्यातून अपात्र अर्ज बाजूला काढण्याला इंग्रजी कचेरीत ‘वीड आउट’ म्हटले जाते, आणि मराठी कचेरीत त्याच कामाला छाननी म्हणतात, तो शब्दही गाळण्या-चाळण्याच्या क्रियेशीच नाते सांगतो. कामाला बसलेल्या हातांनी दोन्हीकडे सारखेच शब्द घडवले, असे म्हणता येते.

नको ते काढून टाकत जाण्याची जी दुसरी रीत आहे, तिच्यासाठी ‘डाउन’ हे अव्यय येते. ‘नॅरो डाउन’ म्हणजे पर्यायांचा घेर आवळत आणणे आणि ‘व्हिटल डाउन’ म्हणजे चाकूने लाकूड तासत जावे तसे एकेक पर्याय कमी करत यादी लहान करणे. येथे ‘डाउन’ खाली जाणे दाखवत नाही, संख्या उतरत जाणे दाखवते. याच टप्प्यावर ‘रूल आउट’ येते आणि त्याचा एक उपयोग सामान्य माणसाच्या आरोग्याशी निगडित आहे. डॉक्टर तपासणीच्या कागदावर या दोन शब्दांची आद्याक्षरे लिहून पुढे डेंग्यू किंवा क्षयरोग असे नाव लिहितात, तेव्हा तो रोग झाला आहे असा त्याचा अर्थ नसतो, आणि तो नाही अशी खात्री झाली आहे असाही नसतो. ती शक्यता मनात आहे, म्हणून चाचणी करून तिला यादीतून वगळता येते का हे पाहायचे आहे, एवढेच त्यातून सांगायचे असते. रोगनिदान ही एक प्रकारची उलट्या दिशेने होणारी निवड असल्याने हे जोडक्रियापद तेथे चपखल बसते, आणि त्याचा अर्थ रुग्णाच्या नातेवाइकांना ठाऊक असेल तर बरीचशी विनाकारण भीती टळू शकते.

निवडीआधीच्या विचारासाठी ‘वे अप’ आणि ‘मल ओव्हर’ अशी क्रियापदे आहेत. पहिल्यात तराजू आहे, साधकबाधक बाजू तोलून पाहणे आहे. दुसऱ्यात एखादी गोष्ट मनात घोळवत राहणे आहे. ‘स्लीप ऑन’मध्ये आळस किंवा निष्काळजीपणा नसून एक रात्र जाऊ द्यावी आणि सकाळी निर्णय सांगावा, असा सुज्ञपणाचा अर्थ त्यात आहे. शेवटी निर्णय ज्या एका मुद्द्यावर येऊन ठेपतो, त्यासाठी ‘कम डाउन टू’ आहे, आणि त्याला मराठीतील ‘येऊन ठेपणे’ याहून जवळचा प्रतिशब्द शोधण्याची गरज नाही.

‘सेटल ऑन’ आणि ‘सेटल फॉर’ यांच्यातील अंतर केवळ एका अव्ययाचे आहे, पण त्या अंतरात माणसाच्या मनाची अख्खी अवस्था मावते. बराच काळ भिरभिरणारे पाखरू अखेर एका फांदीवर बसावे, तशी पर्यायांमध्ये फिरणारी इच्छा एका ठिकाणी स्थिरावली, की ते ‘सेटल ऑन’ होय; शहरी मराठीत ज्याला ‘फायनल केले’ म्हणतात, ते हेच, आणि त्यात खंत नसते. ‘सेटल फॉर’मध्ये मात्र जे मिळाले त्याहून अधिक चांगले काही हवे होते, ही जाणीव अटळपणे असते. दुधाची तहान ताकावर भागवणे हा मराठी वाक्प्रचार या जोडक्रियापदाचा अर्थ शब्दकोशाच्या ओळीपेक्षा अधिक नेमकेपणाने सांगतो. याच्या आधीची पायरी ‘होल्ड आउट फॉर’ ही आहे, म्हणजे अधिक चांगल्या गोष्टीसाठी अडून बसणे. नाशिक जिल्ह्यातला शेतकरी उन्हाळ कांदा चाळीत साठवून लासलगावच्या बाजारात भाव चढण्याची वाट पाहतो, तेव्हा तो इंग्रजीच्या दृष्टीने ‘होल्ड आउट फॉर’ करत असतो. पावसाळ्यात कांदा सडू लागला, घरखर्चाची निकड आली आणि मिळेल त्या भावाला माल द्यावा लागला, की तोच ‘सेटल फॉर’ करतो. त्याने निवड केली हे खरे, पण ती निवड किती मोकळी होती, हे सांगण्याचे सामर्थ्य या ‘फॉर’मध्ये आहे. आणि ज्यात निवडच नव्हती, जे परिस्थितीने पुढ्यात टाकले, त्यासाठी ‘एंड अप विथ’ वापरतात. पदरी पडले आणि पवित्र झाले, असे ज्याविषयी मराठीत म्हणतात, ते तिसरे घर. ऐच्छिक, नाइलाजाची आणि अनिच्छेची अशा या तीन घरांतील सीमा ओळखता येणे, हे इंग्रजी वर्तमानपत्रांत करारांच्या, संपांच्या आणि वाटाघाटींच्या बातम्या वाचताना फार उपयोगी पडते, कारण बातमीदार पक्षाची बाजू कोणत्या शब्दाने झुकवतो आहे, ते अनेकदा या अव्ययातच दडलेले असते.

भारतात क्वचितच ऐकू येणारे, पण ब्रिटिश बोलण्यात अद्याप टिकून असलेले ‘प्लंप फॉर’ हे जोडक्रियापद इतिहासाच्या दृष्टीने सर्वांत रोचक आहे. ‘प्लंप’ या क्रियापदाचा जुना अर्थ धपकन पडणे, जड वस्तू एकदम खाली येणे असा आहे. ब्रिटनमध्ये पूर्वी बहुतेक मतदारसंघांतून दोन प्रतिनिधी निवडले जात आणि प्रत्येक मतदाराला दोन मते असत; जो मतदार दुसरे मत मुद्दाम न वापरता एकाच उमेदवाराला आपले एक मत देई, त्याच्या त्या मताला ‘प्लंपर’ म्हणत. अशा मतामुळे आवडत्या उमेदवाराच्या प्रतिस्पर्ध्याला चुकूनही हातभार लागत नसे. १८७२ साली गुप्त मतदान येण्यापूर्वी कोणी कोणाला मत दिले हे नोंदवह्यांत लिहिले जाई आणि अशी एकेरी मते उघड दिसत. १८८५ च्या फेररचनेनंतर एकसदस्यीय मतदारसंघ सर्वत्र रूढ होत गेले, दोन मतांचे मतदारसंघ उरले ते थोडे, आणि तेही १९५० च्या निवडणुकीपर्यंत संपले. पण शब्द मागे राहिला, आणि आज खानावळीत बराच वेळ घुटमळून कोणी अखेर माशाचे जेवण मागवले, तरी त्याने मासा ‘प्लंप फॉर’ केला असे म्हणतात. भारतातही १९५१-५२ आणि १९५७ च्या सार्वत्रिक निवडणुकांत काही मतदारसंघ दोन सदस्यांचे होते आणि तेथील मतदाराला दोन मते असत. ही पद्धत १९६१ च्या कायद्याने रद्द झाली. त्या काळी ज्याने आपल्या दोन मतांपैकी एकच वापरले, त्याने जुन्या ब्रिटिश अर्थाने ‘प्लंप’च केले होते. मतपेटीशी निगडित आणखी एक भेद येथेच सांगणे योग्य होईल : सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालानंतर मतदानयंत्रावर आलेल्या ‘नोटा’ या पर्यायाचे बटण दाबणारा मतदार ‘ऑप्ट आउट’ करत नाही, तो मतदानात सहभागी होऊन सर्व उमेदवारांना ‘टर्न डाउन’ करतो, घरीच बसलेला मतदार मात्र खऱ्या अर्थाने बाहेर पडलेला असतो.

‘ऑप्ट’ हे क्रियापद लॅटिनमधील निवडणे, इच्छिणे या अर्थाच्या ‘ऑप्तारे’पासून फ्रेंचमार्गे इंग्रजीत आले, ते एकोणिसाव्या शतकात, म्हणजे ‘चूज’च्या तुलनेत ते फारच नवे आहे. दत्तक घेणे या अर्थाचा ‘अडॉप्ट’ आणि सभासदांनी बाहेरच्या व्यक्तीला आपल्यात सामावून घेणे या अर्थाचा ‘को-ऑप्ट’ हे शब्द त्याच धातूचे असून, महाराष्ट्रातील महापालिकांच्या बातम्यांत ज्यांना स्वीकृत नगरसेवक म्हणतात त्यांच्यासाठी इंग्रजी वर्तमानपत्रे ‘को-ऑप्टेड’ हाच शब्द वापरतात. भारतीय इंग्रजीत ‘ऑप्ट’ अतिशय लोकप्रिय आहे आणि त्यामुळेच त्यातील एक चूकही सर्वत्र पसरली आहे : विद्यार्थ्याने विज्ञान शाखा घेतली हे सांगताना ‘ऑप्टेड सायन्स’ असे लिहिले जाते, परंतु या क्रियापदाला थेट कर्म घेता येत नाही, त्यामुळे ‘ऑप्टेड फॉर सायन्स’ असेच हवे. क्रिकेटच्या बातमीत नाणेफेक जिंकून फलंदाजी स्वीकारणाऱ्या कर्णधाराविषयी ‘ऑप्टेड टू बॅट’ लिहितात, कारण पुढे क्रिया आली तर ‘टू’, नाम आले तर ‘फॉर’. मराठीत ‘विज्ञान घेतले’ आणि ‘फलंदाजी स्वीकारली’ ही वाक्ये सरळ कर्म घेऊन चालतात, आणि चूक तेथूनच इंग्रजीत उतरते.

‘ऑप्ट आउट’ला गेल्या अर्धशतकात कायद्याची भाषा म्हणून वेगळीच प्रतिष्ठा मिळाली. युरोपीय संघाच्या १९९२ च्या मास्ट्रिख्ट करारातील समान चलनाच्या तरतुदीतून ब्रिटनने बाहेर राहण्याची मुभा घेतली. डेन्मार्कच्या मतदारांनी त्याच वर्षी जूनमध्ये तो करार फेटाळला, डिसेंबरमध्ये एडिंबरा येथे त्या देशाला चार बाबतींत अशीच मुभा देण्यात आली आणि मग १९९३ च्या दुसऱ्या सार्वमतात करार मंजूर झाला. या मुभांना ‘ऑप्ट-आउट’ हे नाम रूढ झाले, आणि त्यांपैकी संरक्षणविषयक मुभा डेन्मार्कच्या मतदारांनी २०२२ मध्ये स्वतःहून सोडून दिली. अवयवदानाच्या कायद्यांत हा शब्द थेट माणसाच्या देहापर्यंत येतो. वेल्समध्ये २०१५ च्या डिसेंबरपासून आणि इंग्लंडमध्ये २०२० च्या मेपासून, हयातीत नकार नोंदवलेला नसेल तर प्रौढ व्यक्तीची मरणोत्तर अवयवदानाला संमती आहे असे धरले जाते, म्हणजे ज्याला नको असेल त्याने ‘ऑप्ट आउट’ करायचे; भारतात १९९४ च्या कायद्यानुसार दात्याची अथवा त्याच्या जवळच्या नातेवाइकांची स्पष्ट संमती लागते, म्हणजे ज्याला हवे असेल त्याने ‘ऑप्ट इन’ करायचे. पर्याय दोन्हीकडे तेच आहेत, पण गप्प राहण्याचा अर्थ काय धरायचा, हे ‘इन’ आणि ‘आउट’ यांनी ठरते, आणि गप्प राहणारे नेहमीच संख्येने जास्त असतात. मोबाइल फोनवरच्या अर्जात जाहिरातींसाठी संमतीच्या चौकोनात आधीच खूण करून ठेवलेली असते की ती ग्राहकाने स्वतः करायची असते, यातला भेदही हाच आहे. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने संमती ही मुक्त, माहितीपूर्ण आणि स्पष्ट होकारार्थी कृतीतून दिलेली असावी असे म्हटले आहे, ते ‘ऑप्ट इन’च्या बाजूचे वळण आहे.

व्याकरणाची एक बाब अर्थाइतकीच महत्त्वाची आहे. काही जोडक्रियापदे फुटतात, म्हणजे क्रियापद आणि अव्यय यांच्यामध्ये कर्म बसू शकते, आणि काही फुटत नाहीत. ‘पिक आउट अ शर्ट’ आणि ‘पिक अ शर्ट आउट’ ही दोन्ही रूपे शुद्ध आहेत, पण शर्टाऐवजी ‘इट’ हे सर्वनाम आले की ते मध्येच बसवावे लागते, ‘पिक इट आउट’. ‘पिक आउट इट’ असे कोणीही म्हणत नाही. याउलट ‘सेटल फॉर इट’ किंवा ‘गो फॉर इट’ यांत सर्वनाम नेहमी शेवटीच येते. यामागचे कारण असे, की पहिल्या प्रकारातील अव्यय क्रियाविशेषणासारखे मोकळे असते आणि दुसऱ्या प्रकारातील अव्यय पुढच्या नामाला बांधलेले शब्दयोगी असते, जसे मराठीत ‘घरासाठी’मधील ‘साठी’ नामापासून सुटत नाही. कानानेही हा भेद टिपता येतो : ‘पिक इट आउट’मध्ये आघात ‘आउट’वर पडतो, ‘गो फॉर इट’मध्ये तो ‘गो’वर पडतो आणि ‘फॉर’ जवळजवळ गिळला जातो.

हे सर्व ठाऊक असूनही शिकणारे लोक जोडक्रियापदे टाळतात, हे संशोधनाने दिसून आले आहे. डगट आणि लाउफर यांनी १९८५ साली हिब्रू भाषक विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात हे विद्यार्थी जोडक्रियापदाऐवजी एकशब्दी क्रियापद पसंत करतात आणि अर्थ लाक्षणिक असेल तेथे तर ती अधिकच टाळतात, असे आढळले. हिब्रूत अशी रचना नाही, हे कारण त्यांनी दिले. मराठी भाषकाचे इंग्रजी बव्हंशी पाठ्यपुस्तकातून, तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेच्या परंपरेतून आणि सरकारी फायलींतून आले असल्याने ‘सिलेक्ट’ व ‘रिजेक्ट’ हे शब्द मराठीच्या अंगणात येऊन घरचे झाले, परंतु ‘पिक आउट’ आणि ‘टर्न डाउन’ उंबऱ्याबाहेरच राहिले. त्याचा परिणाम असा होतो की घरगुती प्रसंगीसुद्धा भारतीय इंग्रजी कचेरीच्या आवाजात बोलते; मित्राचे जेवणाचे आमंत्रण ‘रिजेक्ट’ केले, असे म्हटल्यावर अर्ज फेटाळल्याचा भास होतो, तेथे ‘टर्न डाउन’ पुष्कळ सौम्य आणि स्वाभाविक आहे. उलट न्यायालयीन निकालात किंवा संशोधनलेखात ‘सिलेक्ट’च शोभते. म्हणून एका शब्दाला हद्दपार करून दुसऱ्याला आणण्याचा हा प्रश्न नाही. कोणत्या बैठकीत कोणता शब्द बसवायचा, एवढेच येथे ठरवायचे आहे.

या दृष्टीने शब्दकोशांची मांडणीही पाहण्यासारखी आहे. कोलिन्स कोबिल्डचा १९८९ साली निघालेला जोडक्रियापदांचा कोश शेवटी अव्ययांची स्वतंत्र सूची देतो आणि ‘आउट’ किंवा ‘ओव्हर’ कोणकोणत्या अर्थांनी वावरतात ते गटवार दाखवतो, त्यामुळे नवे जोडक्रियापद समोर आले तरी त्याचा अंदाज बांधता येतो. मराठी विद्यार्थ्यासाठी अशी सूची मराठीतील संयुक्त क्रियापदांच्या आधाराने तयार झाली, तर त्याला घरचीच वाट सापडेल, कारण अनेक ठिकाणी मराठीकडे नेमका शब्द आधीपासून आहे. ‘पास अप’ म्हणजे समोर आलेली संधी स्वतःहून हातची जाऊ देणे. ‘पास ओव्हर’ म्हणजे बढतीच्या वेळी पात्र माणसाला ओलांडून पुढे जाणे, आणि त्यासाठी मराठीत ‘डावलणे’ हे एकच क्रियापद आहे, ज्यात न निवडले जाण्याबरोबर झालेला अन्यायही सांगितला जातो.